अमेरिकेच्या संसदेचं छत रंगवणारा 'परका' माणूस: कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी

अमेरिकेची कुठलीही मोठी राजकीय बातमी असली की टीव्हीवर पांढराशुभ्र घुमट दिसतोच. ही वॉशिंग्टनमधली कॅपिटॉल इमारत. अमेरिकेची संसद इथे भरते.

बाहेरून हा घुमट सगळ्या जगाला माहीत आहे. पण आत शिरून मान वर केली, तर जमिनीपासून तब्बल 180 फूट उंचीवर एक भलंमोठं रंगीत चित्र दिसतं. ढगांवर बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन, त्यांच्या भोवती देवता, आणि त्या देवतांच्या शेजारी चक्क वाफेचं इंजिन आणि समुद्राखालची तार!

हे चित्र काढणारा माणूस अमेरिकेत जन्मला नव्हता. तो रोमचा होता. अमेरिकेत पाऊल ठेवलं तेव्हा त्याचं वय 47 वर्षं होतं आणि त्याच वर्षी तो तुरुंगातून सुटला होता. त्यानंतर आयुष्यातली जवळपास 25 वर्षं त्याने या एकाच इमारतीच्या भिंती आणि छतं रंगवण्यात घालवली. आणि तरीही त्याच्या मृत्यूनंतर 72 वर्षं त्याच्या कबरीवर नावाचा साधा दगडही नव्हता.

त्याचं नाव कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी.

कॉफीच्या दुकानदाराचा मुलगा

ब्रुमिडीचा जन्म 26 जुलै 1805 रोजी रोममध्ये झाला. वडील मूळचे ग्रीसचे, आई रोमची. वडिलांचं रोममध्ये कॉफीचं दुकान होतं.

मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे हे लवकरच लक्षात आलं आणि लहान वयातच त्याला 'अकादमी ऑफ सेंट ल्यूक' या नामांकित कलासंस्थेत प्रवेश मिळाला. त्या काळात कानोव्हा आणि थोरवाल्डसन हे युरोपातले सर्वात मोठे शिल्पकार याच संस्थेशी जोडलेले होते. त्यामुळे ब्रुमिडीला चित्रकलेसोबत शिल्पाचीही जाण आली. सपाट भिंतीवर रंगवलेली आकृती दगडात कोरल्यासारखी उठून दिसावी, ही करामत त्याला पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

तेव्हाच्या रोममध्ये चित्रकाराचं पोट प्रामुख्याने दोन ठिकाणी भरायचं. एक म्हणजे श्रीमंतांचे वाडे आणि दुसरं म्हणजे चर्च. ब्रुमिडीने दोन्हीकडे काम केलं.

टोर्लोनिया हे रोममधलं गर्भश्रीमंत बँकर घराणं होतं. त्यांच्या शहरातल्या महालात आणि बागेतल्या नाट्यगृहात ब्रुमिडीने सजावट केली. तो महाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला, पण नाट्यगृह आजही उभं आहे.

1840 च्या दशकात व्हॅटिकनमध्ये जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करण्याचं कामही त्याला मिळालं. रफाएलच्या परंपरेतली ती सजावट त्याने अगदी जवळून पाहिली. वेली, पक्षी, पदकं, छोट्या छोट्या आकृत्या यांनी भिंतीचा इंचन् इंच कसा भरायचा, हे तो तिथे शिकला. पोप नववे पायस यांचं व्यक्तिचित्रही त्याने काढलं.

थोडक्यात, चाळिशीत पोहोचेपर्यंत ब्रुमिडीचा रोममध्ये चांगला जम बसला होता.

क्रांती झाली आणि सगळं उलटं झालं

1848 साली युरोपभर क्रांतीची लाट आली. रोमही त्यातून सुटलं नाही. पोप शहर सोडून गेले आणि फेब्रुवारी 1849 मध्ये तिथे प्रजासत्ताक घोषित झालं. ते फार टिकलं नाही. काही महिन्यांतच फ्रान्सच्या सैन्याने रोम घेतलं आणि 1850 मध्ये पोप परत आले.

या धामधुमीत ब्रुमिडी नागरी संरक्षक दलात कॅप्टन होता. त्या काळात धर्मसंस्थांच्या मठांमधून काही सामान आणि चित्रं हलवली गेली होती. पोपची सत्ता परत आल्यावर याच प्रकरणात फेब्रुवारी 1851 मध्ये त्याला अटक झाली. आरोप होता चोरीचा.

ब्रुमिडीचं म्हणणं असं होतं की, वस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या हलवल्या होत्या. पण न्यायालयाने ते मानलं नाही. त्याला 18 वर्षांची शिक्षा झाली.

विचार करा. वय 46 आणि शिक्षा 18 वर्षांची. त्या काळच्या आयुर्मानाचा विचार केला तर ही जवळपास जन्मठेपच होती.

सुमारे 13 महिने तुरुंगात काढल्यावर, मार्च 1852 मध्ये पोपनीच त्याला माफी दिली. ज्यांचं चित्र त्याने काढलं होतं, तेच हे पोप. सुटल्यावर ब्रुमिडीने अमेरिकेला जायचं ठरवलेलं होतं. न्यूयॉर्कच्या आर्चबिशपकडून तिथल्या चर्चमध्ये काम मिळेल, असा शब्दही त्याला मिळाला होता.

18 सप्टेंबर 1852 रोजी तो न्यूयॉर्क बंदरात उतरला. कुटुंब रोममध्येच राहिलं. लवकरच त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याचा इरादा अधिकृतपणे नोंदवला.

परीक्षेसाठी मिळालेली एक भिंत

ब्रुमिडी अमेरिकेत आला, तेव्हा कॅपिटॉलचं मोठं विस्तारकाम सुरू होतं. देशात नवी राज्यं येत होती, खासदारांची संख्या वाढत होती आणि जुनी इमारत अपुरी पडत होती. म्हणून 1851 पासून दोन्ही बाजूंना नवी दालनं बांधली जात होती. पुढे जुन्या लहान घुमटाच्या जागी ओतीव लोखंडाचा नवा प्रचंड घुमटही उभा राहिला.

या कामाची जबाबदारी लष्करातल्या माँटगोमेरी मेग्ज या इंजिनिअरकडे होती. वॉशिंग्टन शहराला पाणी पुरवणारी योजना उभारणाराही हाच माणूस. मेग्जला ही इमारत नुसती मजबूत नको होती. युरोपातल्या राजवाड्यांच्या तोडीची सजावट त्याला हवी होती. अडचण एकच होती. ती करू शकेल असा माणूस त्याच्याकडे नव्हता.

1854 च्या डिसेंबरमध्ये ब्रुमिडी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

मेग्जने त्याला थेट मोठं काम दिलं नाही. शेती समितीच्या खोलीत एक अर्धगोलाकार भिंत दाखवली आणि त्यावर नमुना म्हणून एक चित्र काढायला सांगितलं. ब्रुमिडीने तिथे सिनसिनाटसची गोष्ट रंगवली.

सिनसिनाटस हा प्राचीन रोममधला शेतकरी. संकटाच्या वेळी लोक त्याला शेतातून बोलवायला आले. त्याने नांगर सोडला, सैन्याचं नेतृत्व केलं, युद्ध जिंकलं आणि सत्ता सोडून पुन्हा शेतावर गेला. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांची तुलना नेहमी त्याच्याशी व्हायची. म्हणजे विषय रोमचा, अर्थ अमेरिकेचा आणि खोली शेती समितीची. एका चित्रात तीन गोष्टी बसल्या.

मार्च 1855 मध्ये चित्र पूर्ण झालं. कॅपिटॉलमधलं ते पहिलं फ्रेस्को. खासदार ते बघायला आले आणि त्यांना ते आवडलं. ब्रुमिडीला काम मिळालं. मोबदला ठरला रोजंदारीवर. सुरुवातीला दिवसाला 8 डॉलर, नंतर 10 डॉलर.

फ्रेस्को म्हणजे नेमकं काय?

ब्रुमिडीचं महत्त्व समजायचं असेल, तर हे तंत्र समजून घ्यावं लागेल.

फ्रेस्कोमध्ये भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा देतात आणि तो ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. रंगाचे कण त्यातच अडकतात. त्यामुळे रंग भिंतीवरचा थर म्हणून न राहता भिंतीचाच भाग होतो आणि शतकानुशतकं टिकतो.

पण यात एक मोठी अट आहे. घाई.

गिलावा एकदा वाळला की त्यात रंग मुरत नाही. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा द्यायचा. चूक झाली तर तो तुकडा खरवडून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात ओले रंग वाळल्यावर फिके होतात, त्यामुळे उद्या रंग कसा दिसेल याचा अंदाज आजच बांधावा लागतो. शिवाय हे सगळं परांचीवर उभं राहून, अनेकदा मान मागे टाकून करायचं.

त्या काळच्या अमेरिकेत हे तंत्र हातात असलेले लोक जवळपास नव्हते. ब्रुमिडीला ते रोममध्येच पक्कं अवगत झालं होतं. अर्थात, कॅपिटॉलमधलं त्याचं सगळंच काम फ्रेस्को नाही. काही ठिकाणी कोरड्या गिलाव्यावर, तर काही ठिकाणी तैलरंगातही त्याने काम केलं.

पक्षी, खारी आणि वेलींनी भरलेले बोळ

सिनेटच्या बाजूच्या तळमजल्यावरचे बोळ आज 'ब्रुमिडी कॉरिडॉर्स' म्हणून ओळखले जातात. त्यांची रचना करताना ब्रुमिडीसमोर व्हॅटिकनमधली रफाएलची सजावट होती. पण त्याने ती जशीच्या तशी उचलली नाही. त्या रोमन चौकटीत त्याने अमेरिका भरली.

भिंतींवरच्या वेलींमध्ये अमेरिकेतले पक्षी बसलेले आहेत. खारी आहेत, उंदीर आहेत, किडेही आहेत. मधूनमधून स्वातंत्र्ययुद्धातल्या नेत्यांचे चेहरे पदकांसारखे रंगवलेले आहेत. एका बोळाच्या छतावर बारा राशी आहेत. खाली इंग्लंडहून मागवलेल्या रंगीत नक्षीदार फरश्या आहेत.

खोल्यांच्या दारांवरची चित्रं त्या त्या समितीच्या कामाला धरून आहेत. लष्करी समितीच्या दारावर रोमन युद्धदेवता बेलोना. मूळ रहिवाशांच्या प्रश्नांवरच्या समितीच्या दारावर बार्तोलोमे दे लास कासास, म्हणजे स्पॅनिश वसाहतींमध्ये मूळ रहिवाशांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध आवाज उठवणारा धर्मगुरू.

हे सगळं एकट्या ब्रुमिडीने रंगवलं का? नाही. आराखडे त्याचे, मुख्य चित्रं त्याच्या हातची. पण वेलबुट्टी, चौकटी आणि नक्षीचं काम करणाऱ्या रंगाऱ्यांची मोठी फळी त्याच्या हाताखाली होती. त्यातलेही बरेचसे युरोपातून आलेले स्थलांतरितच होते.

वरच्या मजल्यावर 'प्रेसिडेंट्स रूम' आहे. तिच्या भिंतींवर वॉशिंग्टन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळातल्या सदस्यांची चित्रं आहेत, तीही ब्रुमिडीचीच. पुढे 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचं रक्षण करणाऱ्या कायद्यावर याच खोलीत सही केली.

'आमच्या संसदेत परका माणूस कशाला?'

काम सुरू होतं, पण सगळेच खूश होते असं नाही.

1850 च्या दशकात अमेरिकेत स्थलांतरितांविरोधी राजकारण जोरात होतं. 'नो नथिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षाचा बाहेरून येणाऱ्यांना, विशेषतः कॅथलिकांना, उघड विरोध होता. ब्रुमिडी तर दोन्ही होता. स्थलांतरितही आणि कॅथलिकही. वर तो पोपच्या रोममधून आलेला!

टीका दोन प्रकारची होती. काहींना त्याची सजावट भडक वाटायची. लोकशाहीच्या इमारतीत राजवाड्यासारखा झगमगाट कशाला, असा त्यांचा सवाल होता. दुसरा आक्षेप थेट होता. देशाच्या संसदेतलं काम देशातल्या कलाकारांना का नाही?

1858 मध्ये अमेरिकन कलाकारांनी याबाबत संसदेकडे अर्ज केला. कॅपिटॉलमधल्या कलेवर देखरेख ठेवायला तीन अमेरिकन कलाकारांचा आयोग नेमला गेला. त्यांनी 1860 मध्ये दिलेल्या अहवालात या सजावटीवर टीका केली. पण संसदेने त्यांच्या शिफारशी उचलून धरल्या नाहीत आणि त्याच वर्षी आयोगच गुंडाळला.

हा विरोध पूर्णपणे निराधार होता असं म्हणता येणार नाही. सरकारी कामात स्थानिकांना संधी मिळावी ही मागणी कुठल्याही देशात समजण्यासारखी असते. पण ब्रुमिडीला 'परका' म्हणणं त्याला स्वतःला मान्य नव्हतं, हे एका छोट्याशा गोष्टीवरून दिसतं.

1857 मध्ये त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. त्याच वर्षी त्याने प्रतिनिधिगृहासाठी स्वातंत्र्ययुद्धातला एक प्रसंग रंगवला. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसचा दूत युद्ध थांबवण्याची विनंती घेऊन वॉशिंग्टन यांच्याकडे येतो, असं ते दृश्य आहे. त्यावर ब्रुमिडीने सही केली आणि नावापुढे दोन गोष्टी लिहिल्या. आपण कलाकार आहोत आणि आपण अमेरिकेचे नागरिक आहोत.

यादवी युद्ध आणि घुमटातलं चित्र

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. कॅपिटॉलमध्ये सैनिकांचा मुक्काम पडला, तळघरात त्यांच्यासाठी पाव भाजायच्या भट्ट्या लागल्या. नियती कशी असते बघा. कॅपिटॉलचं काम ज्यांच्या युद्ध खात्याखाली सुरू होतं, ते जेफर्सन डेव्हिस आता बंडखोर दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झाले होते. मेग्ज उत्तरेच्या सैन्याचा रसदप्रमुख झाला.

तरीही घुमटाचं बांधकाम पुढे चालू राहिलं. डिसेंबर 1863 मध्ये घुमटाच्या शिखरावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चढला. आता आतली बाजू बाकी होती. वास्तुविशारद थॉमस वॉल्टर यांनी ते काम ब्रुमिडीकडे सोपवलं. मोबदला होता 40,000 डॉलर.

जागा साधी नव्हती. एक प्रचंड वाडगं उलटं टांगावं तसा आतून खोलगट पृष्ठभाग, क्षेत्रफळ 4,664 चौरस फूट. खाली उभ्या माणसाला दिसायला हव्यात म्हणून काही आकृत्या 15 फुटांपर्यंत उंच. ब्रुमिडीने हे काम साधारण 11 महिन्यांत केलं. तेव्हा त्याने साठी गाठली होती. जानेवारी 1866 मध्ये परांची उतरली आणि लोकांना चित्र पहिल्यांदा नीट दिसलं.

चित्राचं नाव 'अपॉथिओसिस ऑफ वॉशिंग्टन', म्हणजे वॉशिंग्टन यांचं देवत्वाला पोहोचणं. मध्यभागी वॉशिंग्टन, दोन्ही बाजूंना स्वातंत्र्य आणि विजय यांच्या देवता, आणि वर्तुळात 13 तरुणी, म्हणजे मूळची 13 राज्यं. त्याखाली कडेने सहा देखावे आहेत:

- युद्ध: तलवार उगारलेली स्वातंत्र्यदेवता शत्रूंना पायदळी तुडवते आहे.
- विज्ञान: रोमन देवी मिनर्व्हा बेंजामिन फ्रँकलिन, आगबोट चालवून दाखवणारे रॉबर्ट फुल्टन आणि तारयंत्राचे सॅम्युअल मोर्स यांना शिकवते आहे.
- समुद्र: नेपच्यून आणि व्हीनस. व्हीनसच्या हातात अटलांटिकखालून टाकायची तार आहे.
- व्यापार: देव मर्क्युरी रॉबर्ट मॉरिस यांच्याकडे पैशांची थैली देतो आहे. स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा करणारे ते हेच.
- यंत्रकाम: लोहारांचा देव व्हल्कन, शेजारी तोफ आणि वाफेचं इंजिन.
- शेती: धान्याची देवी सेरेस थेट मॅककॉर्मिकच्या कापणी यंत्रावर बसली आहे.

समुद्राखालच्या तारेचीच गोष्ट घ्या. अटलांटिकमधली पहिली तार 1858 मध्ये टाकली होती, पण ती काही आठवड्यांतच बंद पडली. कायमची चालणारी तार जोडली गेली 1866 मध्ये. म्हणजे ब्रुमिडी ती देवीच्या हातात देत होता, तेव्हा हे तंत्रज्ञान पुरतं यशस्वीही झालं नव्हतं! आज एखाद्या चित्रकाराने देवाच्या हातात उपग्रह द्यावा, तसाच हा प्रकार.

58 फुटांवर लटकलेली 15 मिनिटं

ब्रुमिडीचं एक मोठं काम अजून बाकी होतं. घुमटाच्या खालच्या गोल दालनाला रोटुंडा म्हणतात. त्याच्या भिंतीवर, जमिनीपासून 58 फूट उंचीवर, एक लांबच लांब पट्टा मोकळा होता. उंची आठ फुटांहून थोडी जास्त आणि घेर सुमारे 300 फूट. तिथे कोलंबसपासून सुरू होणारा अमेरिकेचा इतिहास रंगवायचा, असा आराखडा ब्रुमिडीने 1859 मध्येच केला होता. पण परवानगी मिळेपर्यंत 1877 उजाडलं.

1878 मध्ये काम सुरू झालं. ब्रुमिडी सत्तरी ओलांडून गेला होता. त्याला दम्याचा त्रास होता. रोज त्या उंचीवर चढायचं, छोट्याशा परांचीवर खुर्ची टाकून बसायचं आणि रंगवायचं. पट्टा फक्त पांढऱ्या-तपकिरी छटांमध्ये होता. खालून पाहणाऱ्याला तो दगडात कोरलेला वाटतो. तरुणपणी शिल्पकारांकडून जे शिकला, ते इथे कामी आलं.

1 ऑक्टोबर 1879. ब्रुमिडी विल्यम पेन आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या कराराचं दृश्य रंगवत होता. अचानक खुर्ची सरकली आणि तो परांचीच्या कडेवरून खाली गेला. कसाबसा शिडीचा एक दांडा त्याच्या हाती लागला.

74 वर्षांचा माणूस 58 फुटांवर एका दांड्याला धरून लटकत होता. मदत पोहोचेपर्यंत सुमारे 15 मिनिटं गेली. शेवटी त्याला सुखरूप खेचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा परांचीवर चढला. पण ते शेवटचंच. त्यानंतर त्याने उरलेल्या दृश्यांची मोठी रेखाटनं घरच्या स्टुडिओत बसून करायला घेतली, म्हणजे दुसरं कुणीतरी ती भिंतीवर उतरवू शकेल. 19 फेब्रुवारी 1880 रोजी त्याचा मृत्यू झाला. तेव्हा ठरलेल्या दृश्यांपैकी सात पूर्ण होती आणि आठवं अर्धवट होतं.

त्याचं काम फिलिप्पो कोस्टाजिनी या दुसऱ्या इटालियन चित्रकाराकडे गेलं. तोही रोमच्या त्याच अकादमीत शिकलेला. त्याने 1889 पर्यंत ब्रुमिडीची उरलेली दृश्यं रंगवली, पण हिशेब चुकलेला निघाला. सगळी दृश्यं संपली तरी 31 फूट जागा रिकामीच राहिली! ती भरायला 1953 उजाडलं. अ‍ॅलिन कॉक्स या अमेरिकन चित्रकाराने यादवी युद्ध, स्पेनबरोबरचं युद्ध आणि राइट बंधूंचं विमान अशी तीन दृश्यं काढून वर्तुळ पूर्ण केलं.

बेनाम कबर

ब्रुमिडीने अमेरिकेत लोला जर्मन या वॉशिंग्टनमधल्या तरुणीशी लग्न केलं होतं. त्यांचा मुलगा लॉरेन्स पुढे चित्रकार झाला. ब्रुमिडीला ग्लेनवूड दफनभूमीत लोलाच्या माहेरच्या जागेत पुरलं. पण कबरीवर नाव लागलं नाही आणि हळूहळू जागाही विस्मरणात गेली.

कॅपिटॉलमधल्या चित्रांचंही काहीसं तसंच झालं. धूर, धूळ आणि हजारो लोकांचे हात लागून बोळांच्या भिंती खराब होत गेल्या. डागडुजी म्हणून वेगवेगळ्या काळात त्यांवर नवे रंग चढवले गेले. प्रत्येक थराने मूळ चित्र थोडं थोडं झाकलं. शेवटी लोक ज्याला 'ब्रुमिडीचं काम' म्हणून बघत होते, त्यात ब्रुमिडी फारसा उरलाच नव्हता. ही सजावट जड आणि मळकट आहे, असं म्हणणाऱ्यांना त्यामुळे आयतं कारण मिळालं.

हे चित्र बदलायला सुरुवात केली मर्टल मर्डॉक यांनी. त्या ॲरिझोनाच्या एका खासदाराच्या पत्नी. कॅपिटॉल बघायला येणाऱ्यांना त्या इमारत फिरवून दाखवायच्या. ही चित्रं काढणारा कोण, हा प्रश्न त्यांनी धसास लावला, 1950 मध्ये ब्रुमिडीवर पुस्तक लिहिलं आणि त्याची कबरही शोधून काढली. 19 फेब्रुवारी 1952 रोजी, ब्रुमिडीच्या बहात्तराव्या स्मृतिदिनी, त्या कबरीवर अखेर नावाची खूण बसली.

1980 च्या दशकात घुमटातलं चित्र आणि रोटुंडातला पट्टा स्वच्छ करण्यात आला. 1996 पासून बोळांच्या भिंतींवर काम सुरू झालं. तज्ज्ञांनी बारीक सुऱ्या आणि रसायनं वापरून वरचे थर इंचाइंचाने काढले. खाली निघाली ती उजळ पार्श्वभूमी, मोकळे रंग आणि जिवंत वाटणारे पक्षी. एवढी वर्षं ज्या मळकटपणाचा दोष ब्रुमिडीला दिला जात होता, तो त्याचा नव्हताच.

2008 मध्ये अमेरिकेच्या संसदेने ब्रुमिडीला मरणोत्तर 'काँग्रेशनल गोल्ड मेडल' द्यायचं ठरवलं आणि जुलै 2012 मध्ये कॅपिटॉलमध्येच त्याचा समारंभ झाला. संसदेकडून दिला जाणारा हा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

आज या चित्रांकडे कसं बघायचं?

ब्रुमिडीने रंगवलेला अमेरिकेचा इतिहास हा त्याच्या काळाने सांगितलेला इतिहास आहे. रोटुंडातल्या पट्ट्यात कोलंबस, कोर्तेझ, पिझारो असे युरोपातून आलेले लोक कथेचे नायक आहेत. मूळ रहिवासी बहुतेक वेळा त्यांचं स्वागत करताना किंवा त्यांच्यापुढे हरताना दिसतात. ज्यांच्या श्रमावर निम्मा देश उभा होता, त्या गुलामांची गोष्ट या पट्ट्यात नाही. आजच्या प्रेक्षकाला या उणिवा जाणवतात आणि त्यांची चर्चाही होते.

त्याच वेळी ब्रुमिडीने एक गोष्ट मुद्दाम केली होती. बोळांच्या छतांवरच्या काही चौकटी पुढच्या पिढ्यांसाठी रिकाम्या राहिल्या. त्यातल्या एकीत आता चंद्रावर उतरलेले अंतराळवीर आहेत, तर दुसरीत 1986 च्या दुर्घटनेत मरण पावलेले चॅलेंजर यानातले अंतराळवीर.

ब्रुमिडीचं काम कुठे पाहता येईल?

- कॅपिटॉल, वॉशिंग्टन: घुमटातलं चित्र आणि रोटुंडातला पट्टा नेहमीच्या टूरमध्ये दिसतो. टूर मोफत असते. बोळ सिनेटच्या बाजूला आहेत.
- सेंट अलॉयशियस चर्च, वॉशिंग्टन: इथल्या वेदीवरचं चित्र ब्रुमिडीचं आहे.
- फिलाडेल्फिया: सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या कॅथेड्रलमध्ये त्याची भित्तिचित्रं आहेत.
- रोम: व्हिला टोर्लोनियामधलं नाट्यगृह आणि ट्रेव्ही कारंज्याजवळचं मॅडोना डेल आर्केटो हे चिमुकलं चर्च. हे रोममधल्या सर्वात लहान चर्चपैकी एक. अटक होण्याच्या सुमारास ब्रुमिडी तिथे काम करत होता.

कॉर्नवॉलिसचं ते चित्र 1960 च्या दशकात सभागृहातून काढून खासदारांच्या भोजनगृहात नेलं गेलं. सामान्य पर्यटकांना ते सहसा दिसत नाही. पण रोज तिथे जेवायला बसणाऱ्या खासदारांच्या डोळ्यांसमोर, भिंतीवर, रोमहून आलेल्या त्या रंगाऱ्याची सही आजही आहे: कलाकार, अमेरिकेचा नागरिक.